व्यवसायासाठी डेटाबेस अ‍ॅप्लिकेशन बनवायचंय, कोणती भाषा शिकू?

नोंदवही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका लहान व्यवसायात मी हिशेब आणि साठा दोन्ही सांभाळतो. माल येतो, बिलं होतात, काही माल परत येतो, थकबाकी वसूल करायची असते. हे सगळं गेली आठ वर्षं एक्सेलवर चाललंय. सुरुवातीला एक फाइल होती, आता तेरा आहेत. वापरणारे आम्ही तिघं. एकाने फाइल उघडली की बाकीच्यांना ती नुसती बघता येते. मग दुसरा तिची प्रत काढून त्यात भरतो आणि संध्याकाळी मी दोन्ही प्रती ओळीओळीने जुळवत बसतो.

गेल्या महिन्यात मात्र जीव कळवळला. एका ग्राहकाचं नाव तीन प्रकारे भरलं गेलं होतं: एकदा पूर्ण, एकदा आद्याक्षरांनी, एकदा नावाच्या शेवटी जास्तीची मोकळी जागा पडून. त्याची थकबाकी तीन तुकड्यांत विभागली गेली. आम्ही पहिल्या तुकड्याचे पैसे मागितले, त्याने दिले आणि आमच्या लेखी तो मोकळा झाला. उरलेले दोन तुकडे सापडले पाच महिन्यांनी. त्याला पुन्हा फोन करताना मला फार अवघड गेलं.

आता याचं नीट अ‍ॅप्लिकेशन बनवायचंय. व्हीलुकअप, पिव्होट आणि थोडे मॅक्रो येतात, प्रोग्रॅमिंग कधी शिकलो नाही. रोज संध्याकाळी दीड तास काढू शकतो. कोणी पायथन म्हणतं, कोणी जावा, कोणी सी शार्प, आणि एका मित्राने मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस हे डेटाबेसचं साधन सुचवलंय. कुठून सुरुवात करू?

रानपाखरू

पायथन. डोळे झाकून.

मीही हिशेब विभागातूनच आले, संगणकाची पदवी नाही. पायथनचं वाक्य वाचलं की काय चाललंय ते कळतं, हे नवशिक्याला फार महत्त्वाचं. शिवाय एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरायचं साहित्य पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. पुढे जँगो शिका, म्हणजे पायथनमध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा. तक्त्यांचं वर्णन लिहिलं की नोंदी भरायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे पडदे तो आपणहून तयार करून देतो. माझं पहिलं चालू अ‍ॅप्लिकेशन म्हणजे जँगोचं ते व्यवस्थापन पानच होतं. सहा महिने आम्ही त्याच्यावरच काम केलं.

शून्यप्रहर

पायथनला नावं ठेवायची नाहीत, पण तिघं जण दिवसभर बसून बिलं भरणार असतील तर सी शार्पचाही विचार करा. ही भाषा काटेकोर आहे. आकड्याच्या जागी मजकूर दिलात तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच अडवते. पायथनमध्ये अशी चूक तीन महिन्यांनी, नेमकी कोणीतरी ते बटण दाबल्यावर उघडी पडते. व्हिज्युअल स्टुडिओत पडद्यावर चौकटी ओढून मांडता येतात. एक्सेलमधून येणाऱ्याला ते सोपं जातं. आणि सी शार्प ज्याच्यावर चालते ते डॉटनेट २०१६ पासून विंडोजपुरतं उरलेलं नाही, लिनक्सवरही चालतं.

अ‍ॅक्सेसबद्दल: एका माणसासाठी उत्तम, दोघातिघांसाठी सांभाळून. अख्ख्या फाइलची मर्यादा २ जीबी आहे. एकच फाइल नेटवर्कवरून तिघांनी एकदम हाताळायची असेल तर पडदे वेगळ्या फाइलीत आणि तक्ते वेगळ्या फाइलीत ठेवावे लागतात.

रानपाखरू

काटेकोरपणाचा मुद्दा मान्य. पण नवशिक्याने पहिल्या महिन्यात सोडून देऊ नये हेही बघायला हवं. सी शार्पमध्ये पहिली ओळ लिहिण्याआधीच दहा गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

सारणी

नोंदवही, भाषेचा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि तुम्ही स्वतः काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. एकाच ग्राहकाची तीन नावं. एका वेळी एकालाच लिहिता येणं. दोन प्रती जुळवत बसणं. यातलं काहीही पायथनने सुटत नाही आणि सी शार्पनेही सुटत नाही. माहिती चुकीची मांडलेली असेल तर जगातली उत्तम भाषा वापरूनही तुम्ही तोच गोंधळ, फक्त जरा वेगाने, घालाल. मी हे काम सोळा वर्षं करतेय आणि ज्या ज्या प्रणाली फेकून द्याव्या लागल्या, त्या सगळ्या तक्त्यांपायी फेकाव्या लागल्या. भाषेपायी एकही नाही.

म्हणून माझं सांगणं: आधी तक्ते मांडायला शिका, मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, शिका, आणि त्यानंतर भाषा.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना एक शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना आजही तुमच्या कामाची आहे. माहिती यंत्राच्या आत कशी रचून ठेवलीय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज पडू नये. माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची, तक्ते एकमेकांना ओळखक्रमांकाने जोडायचे, आणि काय हवंय तेवढंच सांगायचं. कसं शोधायचं ते यंत्राने बघावं. त्यावरून चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये सीक्वेल नावाची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिचं अमेरिकी प्रमाणक आलं. तेव्हाचं साधं सिलेक्ट आजही पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, या सगळ्या डेटाबेसांत चालतं. इतकी वर्षं टिकलेलं दुसरं कौशल्य या क्षेत्रात मला तरी दाखवता येणार नाही.

आता तुमचा तीन नावांचा ग्राहक घ्या. एक्सेलमध्ये बिलाच्या प्रत्येक ओळीत तुम्ही त्याचं नाव टंकता. म्हणजे ते चुकायची संधी दर ओळीला. डेटाबेसमध्ये ग्राहकांचा एकच तक्ता असतो. त्यात तो एकदाच येतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो, समजा २१४. बिलात फक्त २१४ जातं. बिलाच्या तक्त्याला तुम्ही बजावून ठेवता की हा क्रमांक ग्राहकांच्या तक्त्यात असलाच पाहिजे. याला फॉरिन की म्हणतात. मग कोणी २९९९ असं भलतंच टाकलं तर डेटाबेस ती नोंदच घेत नाही. भरणारा नवखा असो, दमलेला असो, घाईत असो, चूक दारातच अडते.

एक काम करा. संगणक बंद ठेवा, कोरा कागद घ्या आणि तुमच्या व्यवसायात ज्या ज्या गोष्टींची नोंद ठेवावी लागते त्यांचे तक्ते काढा. प्रत्येक गोष्ट एकाच जागी राहील असं बघा. काढले की इथे टाका, आपण सगळे बघू.

फॉक्सवाला

सारणी यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझा अनुभव सांगतो, कारण मी चार भाषा जाताना बघितल्या.

मी सुरुवात डीबेसवर केली, मग क्लिपर, मग फॉक्सप्रो. फॉक्सप्रोवर माझं अतोनात प्रेम होतं आणि आजही आहे. भाषा आणि डेटाबेस एकाच घरात नांदत होते. तक्ता उघडायचा, नोंदीवर जायचं, बदलायचं. मध्ये कोणी दुभाषी नाही. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतलं. २००४ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती आली. २००७ मध्ये जाहीर झालं की दहावी येणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. त्या काळात माझे कितीतरी सहकारी हातातलं काम सोडून सैरभैर झाले.

मी तरलो ते एकाच कारणाने. माझे तक्ते नीट होते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलींतली माहिती मी पोस्टग्रेसमध्ये उतरवली तेव्हा ग्राहक ग्राहकच राहिला, बिल बिलच राहिलं. पडदे सगळे नव्याने लिहावे लागले, पण ओळखक्रमांक नि नाती जशीच्या तशी. माझ्या एका ग्राहकाकडे १९९४ सालचं पहिलं बिल आजही सापडतं. तेव्हाची भाषा गेली, तेव्हाचा संगणक गेला, पडदे चार वेळा बदलले, ते बिल मात्र आहे.

नोंदवही, तुमची भाषाही पुढेमागे बदलेल. तेव्हा तुमच्यासोबत तक्तेच येणार आहेत.

भिंगरी

एक बाळबोध शंका. तिघांचाच व्यवसाय आहे तर एक्सेलच नीट वापरलं तर काय बिघडलं? सगळ्यांनी शिस्त पाळली की झालं.

सारणी

शंका बाळबोध अजिबात नाही. आकडेमोड करायला, एखादा अंदाज बांधायला एक्सेलसारखं साधन नाही. पण त्याला माहितीचा कायमचा साठा केलं की ते गप्प राहून दगा देतं. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ओतली जात होती आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी गळून गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तितके दिवस लांबला. तिथली माणसं बेशिस्त होती असं मला वाटत नाही. साधन त्या कामाचं नव्हतं.

नोंदवही

सर्वांचे मनापासून आभार. तीन संध्याकाळी कागदावर बसलो. हे माझे तक्ते:

ग्राहक: ग्राहक_क्र, नाव, पत्ता, फोन
भाग: भाग_क्र, नाव, दर, साठा
बिल: बिल_क्र, तारीख, ग्राहक_क्र
बिलओळ: बिल_क्र, भाग_क्र, नग

दर मी मुद्दाम बिलओळीत घेतला नाही. सारणीताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक गोष्ट एकाच जागी हवी, आणि दर तर भागाच्या तक्त्यात आहेच. बरोबर ना?

सारणी

फार छान. बिल आणि बिलओळ वेगळी करायला हवीत हे तुम्हाला न सांगता सुचलं, तिथेच अर्धी लढाई जिंकलीत. तुमचा तर्कही सरळ आहे, पण दराबाबत तो फसतो आणि नेमका तिथेच मीही फसले होते.

मी बांधलेल्या पहिल्या प्रणालीत अगदी असेच तक्ते होते. एका सकाळी दर वाढले, आम्ही भागांच्या तक्त्यात नवे दर भरले. दुपारी एका ग्राहकाने मागच्या महिन्याच्या बिलाची दुसरी प्रत मागितली. छापली, तर एकूण रक्कम मूळ बिलापेक्षा जास्त! एका बदलाने आमची सगळी जुनी बिलं बदलली होती. पुढचे नऊ दिवस आम्ही कागदी प्रती काढून एकेक दर परत भरला.

भागाचा आजचा दर ही एक गोष्ट. त्या दिवशी त्या ग्राहकाला लावलेला दर ही दुसरी. आकडा योगायोगाने सारखा दिसतो म्हणून ती एकच गोष्ट होत नाही. पहिली बदलत राहते, दुसरी कधीच बदलत नाही. म्हणून बिलओळीत दर हवाच. सवलत, कराचा दर, बिलावर छापलेला पत्ता, सगळ्यांना हाच प्रश्न विचारा: हे उद्या बदललं तर कालचं बिल बदलायला हवं का?

दुसरं म्हणजे साठा. भागाच्या तक्त्यात साठा हा नुसता आकडा ठेवलात तर तो ४७ चा ४४ कधी झाला, कोणी केला, का केला, याचा माग राहत नाही. त्याऐवजी हालचालींचा तक्ता करा. आवक अधिक ५०, विक्री उणे ३, परत अधिक १, मोडतोड उणे १, प्रत्येकासोबत तारीख आणि भरणाऱ्याचं नाव. साठा म्हणजे त्या ओळींची बेरीज. हिशेबनीस आहात, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. खातेवहीत आपण शिल्लक खोडून नवी लिहीत नाही, नोंदी करतो आणि शिल्लक काढतो.

नोंदवही

हे वाचून अंगावर काटा आला. दर तर आमच्याकडे वर्षातून तीनदा बदलतात.

पण हालचाली लाखभर झाल्या की दर वेळी बेरीज करायला वेळ नाही का लागणार?

फॉक्सवाला

भाग_क्रमांकावर इंडेक्स असेल तर एका भागाच्या काही हजार ओळींची बेरीज तुमचं बोट बटणावरून उठायच्या आत होते. जाड पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते ना, तसंच. शब्द शोधायला अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही. आत्ता त्याची काळजी नको.

रानपाखरू

एसक्यूलाइट मीच सुचवलं, तेव्हा त्यातले दोन खड्डेही मीच दाखवते. मी दोन्हींत पडलेय.

एक: फॉरिन कीची पहारेदारी त्यात मुळात बंद असते. दर वेळी जोडणी केल्यावर प्रॅग्मा फॉरिन_कीज ऑन असं सांगावं लागतं, नाहीतर २९९९ क्रमांकाचा ग्राहक खुशाल आत शिरतो. दोन: त्याला खरा दशांश प्रकार नाही, पैशांची रक्कम तरत्या बिंदूच्या, म्हणजे अपूर्णांक अंदाजाने साठवणाऱ्या, आकड्यात जाते. पायथनला ०.१ + ०.२ विचारून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. एका बिलात हे दिसत नाही, वर्षअखेरीच्या ताळमेळात दिसतं. एसक्यूलाइटमध्ये रक्कम सर्वात लहान नाण्यात मोजून पूर्णांकात ठेवा. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक प्रकार वापरा आणि पायथनकडून डेसिमल. तारीखसुद्धा मजकूर म्हणून दिवस-महिना-वर्ष अशी ठेवू नका, क्रम लावताना पार विस्कटते. वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा.

आणि तिघं एकदम लिहिणार आहेत, तेव्हा शिकायला एसक्यूलाइट ठीक, प्रत्यक्ष कामाला पोस्टग्रेस. एसक्यूलाइटमध्ये एका क्षणी एकच जण लिहू शकतो.

भिंगरी

हल्ली एआयला सांगितलं की तो सगळा कोड लिहून देतो. मग एवढं शिकायची गरज आहे का?

शून्यप्रहर

मी रोज वापरतो, कंटाळवाणं टंकन पुष्कळ वाचतं. पण वरची दराची गोष्ट घ्या. नोंदवहींनी आपले पहिले चार तक्ते देऊन पडदे मागितले असते तर पडदे मिळाले असते, सुबकही असते, आणि पहिल्या दरवाढीला जुनी बिलं बदलली असती. दर वर्षातून तीनदा बदलतात हे ठाऊक होतं ते नोंदवहींनाच. लिहून मिळालेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली एसक्यूएल आज्ञा, वाचून ती चूक की बरोबर हे ठरवण्याइतकं एसक्यूएल आपल्याला आलंच पाहिजे.

कडीकुलूप

उशिरा आलो, पण दोन गोष्टी राहून गेल्यात.

पहिली: वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर क्वेरीत कधीही जोडून टाकू नका. ग्राहकाच्या नावात एखादं अवतरणचिन्ह आलं तरी क्वेरी मोडते, आणि कोणी मुद्दाम खोडसाळ मजकूर टाकला तर तक्ता उडवू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. क्वेरीत रिकामी जागा सोडायची आणि किंमत वेगळी द्यायची, म्हणजे डेटाबेस तिला निव्वळ किंमत म्हणूनच वागवतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर शेकडो ठिकाणी दुरुस्त करणं जिवावर येतं.

दुसरी: बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करताना एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. बॅकअपचे अनेक मार्ग होते, पण वेळेला ते कामी आले नाहीत. रोज पीजी_डंप, म्हणजे पोस्टग्रेसची प्रत, काढणारा कार्यक्रम तर आवृत्ती जुळत नसल्याने कधीपासून अपयशी ठरत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. शेवटी एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी सहज काढलेल्या प्रतीवर सगळं उभं राहिलं. त्यांनी हे स्वतःहून जगासमोर मांडलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि त्यात कालचं शेवटचं बिल सापडतं का बघा. ते सापडेपर्यंत तुमच्याकडे बॅकअप आहे असं समजू नका.

फॉक्सवाला

कडीकुलूप, हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं.

नोंदवही, आणखी एक सांगतो. कराचे आणि ताळेबंदाचे नियम सारखे बदलतात, ते स्वतः बांधायच्या फंदात पडू नका. त्यासाठी तयार सॉफ्टवेअर घ्या. तुमचा साठा, परत येणारा माल, वसुलीची पद्धत, जे फक्त तुमच्याकडे तसं चालतं, तेवढंच स्वतः बांधा. ओडू नावाची मुक्त स्रोत प्रणाली पायथन आणि पोस्टग्रेसवर आहे. ती बसवून तिचे तक्ते नुसते न्याहाळले तरी खूप शिकाल. मी अजून शिकतो.

नोंदवही

साडेचार महिन्यांनी परत येतोय.

सहा आठवडे फक्त एसक्यूएल केलं. आमच्याच तेरा फायली पोस्टग्रेसमध्ये उतरवल्या आणि त्यांच्यावरच सराव केला. पहिल्यांदा ग्रुप बाय लावून ग्राहकवार थकबाकी एका ओळीत आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. नावं एकत्र करताना तीन तोंडांचे आणखी अकरा ग्राहक सापडले! मग पायथन, मग जँगो. रानपाखरू, तुम्ही सांगितलं तसंच व्यवस्थापन पानावर काम सुरू केलंय. गेला महिनाभर तिघं त्यात भरतोय आणि संध्याकाळचं जुळवणं बंद झालंय.

आता अडलोय. एका भागाचे ४ नग शिल्लक होते. दोघांनी जवळपास एकाच वेळी ३-३ नगांचं बिल केलं आणि दोन्ही बिलं झाली. साठा उणे २. मी तर बिल करण्याआधी बेरीज तपासतो. मग असं कसं झालं?

सारणी

नोंदवही, किती आनंद झाला म्हणून सांगू!

झालं असं. पहिल्याने बेरीज पाहिली, ४. त्याची नोंद पक्की व्हायच्या आत दुसऱ्याने पाहिली, त्यालाही ४. दोघांची तपासणी खरी, दोघांची नोंद रास्त, आणि दोन्ही मिळून चूक. तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहिली. ती बुजवायला दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर पूर्ण होतील नाहीतर काहीच होणार नाही अशा एका गठ्ठ्यात, घ्या (कमिट म्हणजे तो गठ्ठा पक्का करणं), आणि बेरजेआधी त्या भागाच्या ओळीला कुलूप घाला. क्वेरी इंग्रजीतच टंकायची, इथे वाचायला सोपं जावं म्हणून अशी लिहिते:

बिगिन
सिलेक्ट भाग_क्र फ्रॉम भाग व्हेअर भाग_क्र = १७ फॉर अपडेट
सिलेक्ट सम(नग) फ्रॉम हालचाल व्हेअर भाग_क्र = १७
(पुरेसे असतील तर) हालचालीत उणे ३ ची ओळ, बिल, बिलओळ
कमिट

फॉर अपडेट म्हटलं की दुसरा त्याच ओळीपाशी थांबतो. पहिल्याचं कमिट झालं की तो पुढे सरकतो आणि तेव्हा त्याला बेरीज १ दिसते. कुलूप आणि बेरीज ही दोन वेगळी वाक्यं ठेवा, एकात कोंबू नका. पोस्टग्रेस आपल्या नेहमीच्या पातळीवर प्रत्येक वाक्यासाठी माहिती नव्याने बघतो, म्हणून बेरीज कुलपानंतरच्या वेगळ्या वाक्यातच हवी. जँगोमध्ये यालाच अ‍ॅटॉमिक आणि सिलेक्ट_फॉर_अपडेट म्हणतात.

शून्यप्रहर

यात एक भर. एका बिलात अनेक भाग असतील तर कुलपं नेहमी भाग_क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच घाला. नाहीतर एकजण १७ धरून २३ ची वाट बघतो, दुसरा २३ धरून १७ ची, आणि दोघं अडकून बसतात. पोस्टग्रेस ते ओळखून एकाला बाहेर काढतो, पण त्या बिचाऱ्याचं बिल पुन्हा भरायची वेळ येते.

कडीकुलूप

आणि बिलांचे क्रमांक सलग हवे असतील तर पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सवर, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी घेतलेला क्रमांक परत येत नाही, मध्ये फट राहते. क्रमांकासाठी एका ओळीचा वेगळा तक्ता करा आणि तो याच ट्रान्झॅक्शनमध्ये कुलूप घालून वाढवा.

नोंदवही

आज दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून करून पाहिलं. डावीकडे १७ ला कुलूप घातलं. उजवीकडे तीच ओळ मागितली, तर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मी मुद्दाम मिनिटभर थांबलो. डावीकडे ३ नगांची नोंद करून कमिट दिलं आणि त्याच क्षणी उजवीकडची खिडकी हलली. तिथे बेरीज विचारली तर १ आली, आणि ३ नगांचं बिल नाकारलं गेलं.

बिलक्रमांकाचा तक्ता उद्या करतो. कडीकुलूप, कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवलाय, शेवटचं बिल सापडलं.